वशिंडाची गाय, मुक्काम पोस्ट ह्यूस्टन

मार्च महिन्यात ह्यूस्टनला गेलात तर बँकेतला कारकून, दातांचा डॉक्टर आणि बालवाडीतल्या बाई, सगळेच पोटऱ्यांपर्यंतचे चामडी बूट घालून हिंडताना दिसतात. कमरेला बशीएवढं बक्कल, डोक्यावर रुंद काठाची टोपी. हा पोशाख काही बाराही महिने नसतो. गणपतीत झब्बे कपाटाबाहेर येतात तसा तो रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या खेळांची जत्रा, भरला की बाहेर येतो. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात घोड्यावर पाय टाकलेला नसतो, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आमचे मुलगी-जावई ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाच्या उपनगरात राहतात. आम्ही गेलो ते नातवाच्या ओढीने. पण तिकीट काढताना यांनी मार्चच का धरला, हे मला उशिरा कळलं. यांची उभी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली, सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे ड्यूटी लागली की हे खूश, आणि ड्यूटी संपली तरी खिलारांच्या दावणीवरून हलायचं नाव नाही. अशा माणसाला डिस्नेवर्ल्ड दाखवून काय करायचं? जावयाने शहाणपणा करून रोडिओची तिकिटं काढून ठेवली होती.

‘ह्यूस्टन लाइव्हस्टॉक शो अँड रोडिओ’ 20 दिवस चालतो आणि पंचवीस लाखांच्या आसपास माणूस येऊन जातो. राबणारे पस्तीस हजारांवर लोक बिनपगारी स्वयंसेवक. 1932 साली, ऐन मंदीत, तो सुरू झाला तेव्हा नाव होतं ‘फॅट स्टॉक शो’, म्हणजे खाऊन-पिऊन तयार झालेल्या, कापायला योग्य जनावरांचं प्रदर्शन. लपवाछपवी काही नाही. 1942 साली जीन ऑट्री हा गाणारा सिनेनट आला आणि जनावरांच्या जोडीला गाणं कायमचं चिकटलं. 1952 साली चौघे जण या प्रदर्शनासाठी ब्रेनहॅम गावाहून घोडे आणि गाडी घेऊन ह्यूस्टनला निघाले. आता दरसाल चहू दिशांनी असे तांडे कित्येक दिवस मजल-दरमजल करत येतात आणि हमरस्त्यावरच्या मोटारी त्यांच्यामागून निमूट गोगलगाईच्या चालीने सरकतात. इतर वेळी भोंगा वाजवायला हेच लोक मागेपुढे पाहत नाहीत.

गाडी लांब ठेवून आम्ही मेट्रोने गेलो. उतरल्यावर समोर आधी दिसतो तो ॲस्ट्रोडोम. 1965 साली उघडलेलं जगातलं पहिलं छप्परबंद भव्य स्टेडियम, त्या काळात जगातलं आठवं आश्चर्य म्हणून मिरवलेलं. रोडिओ तिथे 1966 पासून 2002 पर्यंत होता. आता ते रिकामं उभं आहे, आणि शेजारी त्याच्याहून धिप्पाड नवं स्टेडियम. पाडायचं मन होत नाही, वापरायचं कसं ते सुचत नाही. वाड्यांच्या बाबतीत हे आपल्याला नवीन नाही.

खेळ संध्याकाळी. सकाळ जनावरांची.

प्रदर्शन एका अवाढव्य वातानुकूलित सभागृहात असतं. दार उघडलं आणि शेणाचा, लाकडाच्या भुश्शाचा आणि शांपूचा एकत्र वास आला. यांनी छाती भरून श्वास घेतला. मुलीने नाकाला रुमाल लावला. हिचं बालपण गुरांच्या दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये गेलं, हे ती सोयीस्कर विसरली होती.

रांगाच रांगा. प्रत्येक दावणीपुढे घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, आडवं व्हायला खाट. अख्खी कुटुंबं मुक्कामाला आलेली. मेंढ्यांना अंगाला घट्ट बसणारे रंगीबेरंगी झगे चढवलेले, अंग मळू नये म्हणून. नातवाला त्या सर्कशीतल्या वाटल्या. आम्ही थांबलो ते एका काळ्याभोर गोऱ्ह्यापाशी. तो लोखंडी चौकटीत उभा, आणि चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी नळीतून जोराची हवा मारून त्याचे केस वाळवत होती. मग कंगव्याने केस उलटे, वरच्या दिशेला. मग पायांवर चिकट फवारा मारून तिथले केस ताठ उभे केले, कात्रीने नेमके कापले, पुन्हा फवारा. आई शेपटीचा गोंडा फुगवत होती, बाप खूर पुसत होता. तिघांत एक शब्दही नाही. हे बराच वेळ पाहत राहिले आणि मला हळूच म्हणाले, “पायाचं हाड बारीक आहे. ते झाकतीये पोरगी.”

रिंगणात अशी पंधरा-वीस मुलं आपापली जनावरं घेऊन उतरतात. हातात टोकाला आकडा असलेली लांब काठी. ती मारायला नसते; तिने पोटाखाली हळूहळू खाजवलं की जनावर शांत राहतं, आणि टोकाने खूर ढकलून चारी पाय हवे तिथे ठेवता येतात. परीक्षक पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवत जातो आणि शेवटी ध्वनिक्षेपकावर कारणं सांगतो: हा पहिला का, दुसऱ्याची कंबर कुठे कमी पडते, तिसरा चालताना मागचा पाय कसा टाकतो. हे यांना सगळ्यांत आवडलं. आपल्याकडे प्रदर्शनात क्रमांक लागतात, फेटे बांधले जातात, आमदारांचं भाषण होतं. पण हरलेल्याला तो का हरला हे कुणी सांगत नाही. त्यामुळे तो घरी जाऊन ‘वशिला चालला’ म्हणायला मोकळा.

निवड झाली की परीक्षक त्या जनावराच्या पुठ्ठ्यावर फाडकन थाप मारतो. तीच घोषणा. थाप बसली आणि ज्या पोराच्या हातात दोर होता ते गोऱ्ह्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागलं.

ते रडणं नुसतं आनंदाचं नसतं, हे जावयाने सांगितलं तेव्हा कळलं. हे गोऱ्हे खच्ची केलेले, मांसासाठी वाढवलेले. मूल शाळेतल्या शेती-क्लबातून लहान वासरू घेतं, वर्ष-दीड वर्ष रोज शाळेच्या आधी आणि नंतर त्याचं शेण काढतं, त्याला धुतं, फिरवतं, नाव ठेवतं. मग प्रदर्शन, लिलाव आणि कत्तलखाना. 2022 साली पहिल्या आलेल्या गोऱ्ह्याला इथे 10 लाख डॉलर आले. ही किंमत मांसाची नव्हे हे उघड आहे. धनिक मंडळी देणगी म्हणून बोली चढवतात. ठरलेली रक्कम मुलाला मिळते, वरची शिष्यवृत्त्यांच्या निधीत जाते. सुरुवातीपासून आजवर 60 कोटी डॉलरच्या पुढे रक्कम या संस्थेने मुलांवर आणि शिक्षणावर लावली आहे.

मला हे झेपलं नाही. आमच्या माहेरी बैल म्हातारा झाला तरी दावणीलाच मरायचा, असं मी मुलीला तावातावाने सांगू लागले. हे मध्येच म्हणाले, “तुमच्याकडे दोन मेले दावणीला. बाकीचे बाजारात कुणाला विकले, ते विचारलं होतंस का वडिलांना?” नव्हतं विचारलं. बैल विकून आलेले वडील त्या दिवशी जेवायचे नाहीत, एवढंच आठवतं. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हातारा बैल आता उघडपणे खाटकाला विकता येत नाही आणि पोसायला वैरण नाही. पोळ्याला पुरणपोळी खाणाऱ्या बैलाचं पुढे काय होतं, याकडे आपण बघत नाही. इथल्या पंधरा वर्षांच्या पोराला ते बघावं लागतं. ते बघून त्याचं भलं होतं की तो निबर होतो, याबद्दल आम्हा नवरा-बायकोचं अजून एकमत नाही.

आणि मग ती गाय दिसली.

सभागृहाच्या पार टोकाला. राखाडी रंग, उंच वशिंड, गळ्याची पोळी लोंबती, डोळे काजळ घातल्यासारखे. आजूबाजूला सपाट पाठीच्या चौकोनी काळ्या-तांबड्या जनावरांची गर्दी, त्यात ही. हे थबकले. “अगं, ही आपली आहे!”

जात ‘ब्राह्मन’. आपल्या वाचकांना हसू येईल, पण नाव अधिकृत आहे. 1924 साली या गाईंची संघटना ह्यूस्टनमध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले सचिव जे. डब्ल्यू. सार्टवेल यांनी ते सुचवलं. पुढे याच सार्टवेलनी या प्रदर्शनाचं पहिलं अध्यक्षपद सांभाळलं. गाईचे मालक सत्तरीचे, टोपीखाली भाजलेला तांबडा चेहरा. त्यांचं इंग्रजी इतकं टेक्सासचं की दुभाषा म्हणून उभ्या केलेल्या जावयालाच मधूनमधून “काय म्हणालात?” करावं लागत होतं. यांनी परवानगी विचारून वशिंडाच्या बुडाशी हात ठेवला, मग पोळीखाली चार बोटांनी खाजवलं. गाईने मान लांब केली आणि डोळे मिटले. मालकाने टोपी मागे सरकवली. त्यानंतर दुभाष्याची फारशी गरज पडली नाही.

टेक्सासच्या या किनारी भागात उन्हाळा दमट, गोचीड अमाप. युरोपातून आणलेली हिअरफर्ड, शॉर्टहॉर्न जनावरं धापा टाकायची, गोचीडतापाने मरायची. वशिंडाच्या जनावराची कातडी सैल, केस आखूड, घाम भरपूर. त्याला उन्हाचं काही नाही. म्हणून 1906 साली पिअर्स आणि ओकॉनर या दोन रँचांसाठी एबल बोर्डेन नावाचा व्यवस्थापक हिंदुस्थानात जाऊन जनावरं निवडून घेऊन आला. 33 जनावरं टेक्सासला पोचली, त्यातल्या गाई फक्त तीन. नंतर 1920च्या दशकात आणखी आली ती ब्राझीलहून, मेक्सिकोमार्गे; ब्राझीलवाल्यांनी ती आधीच आपल्याकडून नेली होती. कांक्रेज, गीर, ओंगोल आणि थोडं कृष्णाखोऱ्याचं रक्त मिसळून ही जात तयार झाली. किंग रँचने शॉर्टहॉर्नशी संकर करून ‘सांता गर्ट्रुडिस’ काढली, अँगसशी संकर होऊन ‘ब्रँगस’ झाली.

कृष्णाखोरे म्हटल्यावर हे हळवे झाले. सांगली-कोल्हापूर-बेळगाव-विजापूर पट्ट्यातल्या काळ्या चिकट रानात नांगर ओढायला एकोणिसाव्या शतकात दक्षिण मराठ्यांच्या संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. नोकरीच्या सुरुवातीला यांनी तिचे खोंड पाहिले होते. ट्रॅक्टर आला आणि ती हातावर मोजण्याइतकी उरली. आता तिचा अंश कृष्णेपासून इतक्या लांब, एअर कंडिशनमध्ये, लाकडाच्या भुश्शावर रवंथ करत उभा.

खरी गंमत पुढे. आमच्या यांनी आयुष्यभर काय केलं? द्रव नत्राचा कंटेनर आधी सायकलला, मग मोटारसायकलला बांधून वाड्या-वस्त्यांवर गेले आणि गावठी गाईंना होल्स्टीन-जर्सीच्या रेतमात्रा भरल्या. सरकारचं धोरण होतं, शेतकऱ्याची मागणी होती, आणि दूध वाढलं हेही खोटं नाही. अमेरिकनांना ऊन सोसणारं जनावर हवं होतं म्हणून त्यांनी आपलं नेलं. आपल्याला दूध हवं होतं म्हणून आपण त्यांचं आणलं, आणि आता चैत्रात गोठ्यात पंखे आणि फवारे लावून बसलो आहोत. फरक इतकाच की त्यांनी प्रत्येक वासराची आई-बाप-आजा लिहून ठेवला. मालकाने फोनवर त्या गाईची वंशावळ काढून दाखवली. यांनी ती चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, “आमच्याकडे एवढी माहिती फक्त लग्न जमवताना विचारतात.” जावयाने भाषांतर केलं. म्हातारा खो-खो हसला.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात: तळलेलं ओरिओ बिस्किट हा प्रकार आपल्या शत्रूनेही खाऊ नये. टर्कीची तंगडी दोन्ही हातांनी धरावी लागते. मी शाकाहारी, मला भाजलेलं कणीस मिळालं. मीठ-लिंबाऐवजी लोण्यात बुडवलेलं. वाईट नव्हतं.

संध्याकाळी स्टेडियम. सत्तर हजारांच्या आसपास माणूस बसतो आणि मध्ये खरीखुरी माती, ट्रकच्या ट्रक आणून पसरलेली. आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग घोड्यांवरून झेंडे. सगळं मिनिटाला मिनिट बांधलेलं.

खेळ एकामागून एक सुटतात. उधळ्या घोड्यावर एका हाताने धरून आठ सेकंद टिकायचं. गुणांचे निम्मे स्वाराला आणि निम्मे जनावराला, हे मला न्यायाचं वाटलं. घोडा नीट उधळला नाही तर स्वार कितीही भला असो, आकडा चढत नाही. धावत्या घोड्यावरून उडी टाकून गोऱ्ह्याची शिंगं धरून त्याला लोळवायचं, हा प्रकार बिल पिकेट या टेक्सासच्या कृष्णवर्णीय काउबॉयने रूढ केला. तो म्हणे त्याचा ओठ दातात धरायचा. बायका तीन पिंपांभोवती घोडे पिळून काढतात, त्यात मी खुर्चीच्या टोकाला आले होते. वासराला फास टाकून पाय बांधायचा खेळ मात्र मला पाहवला नाही. दोर ताणला की वासरू हवेतच उलटं होतं. मुलीने डोळे झाकले. हे खात्याच्या आवाजात म्हणाले, “मानेला धोका आहे.”

शेवटी बैल. फाटक उघडतं आणि पाऊण टनाचं जनावर हवेत उठून वळतं. यातल्या कित्येकांच्या पाठीवर वशिंड असतं. हे दर वेळी मला कोपराने ढोसत होते. रोडिओतला सगळ्यांत कुप्रसिद्ध बैल ‘बोडेशस’ हाही शारोलेचा ब्राह्मनशी झालेला संकरच. 1995 साली त्याने टफ हेडमन या नावाजलेल्या स्वाराच्या चेहऱ्याची हाडं मोडली. त्याच वर्षाअखेर चिठ्ठीत पुन्हा तोच बैल आला, तेव्हा हेडमनने फाटक उघडायला लावलं, बैलाला एकट्यालाच जाऊ दिलं आणि टोपी उचलून त्याला सलाम केला. मुलाला तसा शब्द दिला होता म्हणतात. स्वार हल्ली अंगात जाड जाकीट घालतात, तेही लेन फ्रॉस्ट हा पंचविशीतला गडी 1989 साली शिंगाच्या धडकेने मेला त्यानंतर. पडलेल्या स्वाराकडून बैलाला हुलकावण्या देऊन दूर नेणारे दोघे-तिघे असतात. माझ्या मते सगळ्यांत मोठं काळीज त्यांचं, आणि टाळ्या सगळ्यांत कमी त्यांना.

आमच्या रांगेतही वाद पेटला, तो आपल्या बैलगाडा शर्यतींवरून. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली त्या थांबवल्या, 2021च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली आणि 2023 साली त्यांना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मधली वर्षं यांनी पाहिली आहेत: शर्यत नाही म्हणून खिलार खोंडाला गिऱ्हाईक नाही. मुलीचं म्हणणं, जात टिकवायला तिला पळवावंच लागतं का? हे म्हणाले, “औताला कुणी जुंपत नाही, खायचं कुणी नाही, शर्यतही नको. मग शेतकऱ्याने फोटोसाठी पाळायचा का?” पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, हे सासरा-सुनेचं काहीतरी आहे.

मध्ये पोरांचे दोन खेळ. एकात शाळकरी मुलं मोकाट वासरांमागे धावतात. वासरं मुलांच्या निम्मीच. ज्याने धरून, म्होरकी घालून, ओढत मधल्या चौकोनात आणलं त्याला जनावर विकत घ्यायला पैसे मिळतात, आणि मग देणगीदाराला दरमहा पत्राने त्याची खुशाली कळवावी लागते. दुसरा खेळ चिमुरड्यांचा: डोक्याला शिरस्त्राण, मेंढीच्या पाठीवर पालथं पडून लोकर घट्ट धरायची आणि जमेल तितकं टिकायचं. एक पोरगी पार मेंढीच्या पोटाखाली लोंबकळली तरी सोडेना. निवेदकाने विचारलं, आता पुढे काय करणार? ती ठणकावून म्हणाली, जेवणार.

नंतर जमिनीवरून एक भलामोठा ताऱ्याच्या आकाराचा रंगमंच फिरत फिरत आला आणि गाणं सुरू झालं. ते मुलीसाठी आणि जावयासाठी. मला त्यातला ढोल तेवढा कळला.

नातवाचं मात्र ठरलं होतं. पुढच्या वर्षी तो मेंढीवर बसणार. मेट्रोच्या रांगेत त्याने जावयाला फोनवर नियम बघायला लावले. वजन 55 पौंडांच्या आत: आहे. शिरस्त्राण तेच देतात: छान. वय पाच किंवा सहा. पुढच्या मार्चमध्ये हा सातचा. फलाटावर जो भोकाड पसरला तो तीन स्टेशनं आवरेना.

“मेंढीवर काय बसायचं त्यात,” आजोबा म्हणाले, “तू मोठा झालास की वासरू धर. मी येतो शिकवायला, म्होरकी कशी घालतात ते.”

“तुम्ही तेव्हा किती वर्षांचे असाल?” त्याने नाक पुसत विचारलं.

यांनी बोटांवर हिशेब केला आणि जावयाला म्हणाले, “त्यापेक्षा यंदाच कुठे वासरू मिळतं का बघा.”